पाचव्या दगडाची थप्पड

गुरुवारी न्यायाधीश येणार होते, आज शनिवारी मामा जेवायला येणार होते, आणि यातलं जास्त कशाला घाबरायचं हे कासिमीरला ठरवता येत नव्हतं. सकाळपासून तो तिसऱ्यांदा गोठ्यातून स्वयंपाकघरात डोकावला. त्याची आई झेली टेबलाशी बसून तूर्तोंच्या पारीत बटाट्याचं सारण भरत होती आणि कडा अशा दाबत होती की तळताना एकही फुटायची बिशाद नव्हती.

"आई, गुरुवारचं लक्षात आहे ना?"

"मी म्हातारी झालेय, कासिमीर. वेडी नाही."

"तसं नाही गं. एकदा उजळणी करू. ते विचारतील, पाचवा दगड कुठे होता? तू म्हणायचं, झऱ्याच्या पलीकडे. बस. पुढे रंगवून सांगायचं नाही."

"रंगवून सांगायला मी काय तुझ्यासारखी निवडणुकीला उभी राहते?"

शाम्पेरोचा मेयर म्हणून कासिमीर तीनदा निवडून आला होता, पण या घरात त्याला अजून एकही मत मिळालं नव्हतं.

भांडण होतं फोंत-फ्रेदच्या झऱ्याचं. आमचं शाम्पेरो आणि खालचं ला कोंब यांच्या हद्दीवर सात दगड, नदीपासून थेट कड्यापर्यंत. त्यातले सहा जागच्या जागी आहेत. पाचवा अठराशे अठ्ठ्याऐंशी सालच्या हिमकड्याने नेला, बरोबर सांत-आनचं देऊळ आणि अकरा मेंढ्याही नेल्या. मेंढ्यांबद्दल लोक अजून हळहळतात, दगडाबद्दल तेव्हा कुणी हळहळलं नाही. झऱ्यावर दोन्ही गावांची गुरं पाणी पीत होती आणि गुरं हद्द विचारत नाहीत. आता मात्र कासिमीरला तिथून नळ टाकून गावातल्या तेवीस घरांत पाणी आणायचं होतं, आणि ला कोंबला अचानक आठवलं की झरा आपला आहे. आमच्याकडून चालत गेलं की पाचवा दगड झऱ्याच्या पलीकडे होता, तर झरा आमचा. अलीकडे होता, तर त्यांचा. सरकारी नकाशात दगड आहे, पण झराच नाही. नकाशा काढणारे साहेब वर चढलेच नव्हते. खालच्या खानावळीत बसून दुर्बिणीतून बघत त्यांनी रेघ ओढली, असं आमचे लोक म्हणतात, आणि त्यात काही खोटं असेल असं मला वाटत नाही.

म्हणून सगळं येऊन थांबलं होतं दोन म्हाताऱ्या माणसांवर. पूर्वी दर दहा वर्षांनी दोन्ही गावांचे वडीलधारे मिळून हद्द चालायचे. बरोबर घराघरातली पोरं न्यायचे आणि प्रत्येक दगडापाशी प्रत्येक पोराला त्याच्याच घरचा म्हातारा एक सणसणीत थप्पड द्यायचा. कागद जळतो, शाई उडते, पण लहानपणी विनाकारण खाल्लेली थप्पड माणूस मरेपर्यंत विसरत नाही, असा त्यामागचा विचार. शेवटची फेरी अठराशे त्र्याऐंशी सालची. पुढे नव्या मास्तरांनी 'पोरांना मारायचं नाही' म्हणून ती चाल बंद पाडली. त्या फेरीतली दोनच पोरं आता जिवंत होती. तेव्हा सात वर्षांची असलेली झेली आणि दहा वर्षांचा तिचा भाऊ आन्सेल्म. दोघं ला कोंबची. पण झेली एकोणिसाव्या वर्षी लग्न करून आमच्याकडे आली, आन्सेल्म तिथेच राहिला. गुरुवारी दोघांना न्यायाधीशापुढे उभं राहायचं होतं, एकाला या गावाकडून, एकाला त्या. झेलीला झोप येत नव्हती ती झऱ्यापायी नाही, भावापायी.

देल्फीन दोन बादल्या घेऊन आत आली आणि पायानेच दार लोटलं. कासिमीरची ही बायको बत्तीस वर्षं चौकातल्या हौदावरून पाणी आणत होती. जानेवारीत आधी कुऱ्हाडीने बर्फ फोडायचा, मग बादली बुडवायची. नळ कुठे बसवायचा ती जागा तिने खिडकीच्या डाव्या बाजूला खडूने आखून ठेवली होती, आणि रोज पुसताना तेवढा चौकोन सोडून भिंत पुसत होती.

"आई," सासूच्या शेजारी बसत ती हळूच म्हणाली, "हा काय सांगतो ते सोडा. तुम्हाला जे आठवतं ते सांगा. फक्त ते पलीकडेच असू दे."

झेली हसली. हसली, पण उत्तर दिलं नाही, आणि देल्फीनच्या ते लक्षात आलं.

आन्सेल्म बाराच्या ठोक्याला नातवाच्या दुधाच्या गाडीतून उतरला. त्र्याऐंशी वर्षांचा गडी, अंगात लग्नातला काळा कोट, हातात रुमालात बांधलेलं निळं चीज. सकाळी निघताना ला कोंबच्या चौकात पत्ते खेळणाऱ्यांनी त्याला अडवलं होतं. "गुरुवारी नीट बोला हं, आन्सेल्मबाबा," एवढंच म्हणाले. हसत म्हणाले, पण एकानेही हातातले पत्ते खाली ठेवले नाहीत. गाडीत वर येईपर्यंत त्याच्या डोक्यात एकच चाललं होतं. या वयात माणसाला फार काही लागत नाही. पत्त्यांना तीन भिडू लागतात आणि शवपेटी उचलायला सहा खांदे. दोन्ही ला कोंबमध्येच होतं.

"वाळलास रे दादा," झेली दारातच म्हणाली.

"तू नाही वाळलीस. सून खायला घालते वाटतं."

"मामा, या, बसा," कासिमीरने खुर्ची ओढली. त्याने मनाशी ठरवलं होतं की जेवण होईपर्यंत दगडाचं नाव काढायचं नाही. मुलीला सांगायचं मात्र त्याच्या लक्षात राहिलं नव्हतं.

ही मुलगी ओदील. खालच्या शहरात शाळामास्तरीण, सणाला घरी आलेली. मिकाएल संताचा सण म्हणजे गुरं कुरणावरून उतरलेली, गवत भरलेलं, घरात डुकराचं मांस शिजतंय आणि सगळे बऱ्या मनाने बसलेत, असा दिवस. सूप झालं, तूर्तोंची दुसरी परात आली आणि ओदीलने ताटाशेजारी वही उघडली.

"आजी, पोरांना शिकवायला मी गावाच्या हद्दीचा नकाशा करतेय. इथला भूगोल पुस्तकात कुठेच नाही. तुम्ही दोघं दगडावार सांगा, मी लिहून घेते."

"ओदील!" कासिमीर म्हणाला.

"लिहू दे की," आन्सेल्म म्हणाला. "पहिला नदीकाठचा."

"डावा गाल," झेली म्हणाली. "आजोबांनी तोंडातला पाईप काढून दुसऱ्या हातात घेतला आणि मग मारली."

"पाईप नव्हता. तपकिरीची डबी होती."

"तुला काय दिसणार? तू पाण्यात खडे मारत होतास."

"दुसरा?" ओदील लिहीत होती.

"मोठ्या लार्चच्या झाडाखालचा. उजवा गाल. हा रडला."

"मी रडलो नव्हतो. डोळ्यात चिलट गेलं होतं."

"त्र्याहत्तर वर्षं तेच चिलट!" झेली म्हणाली, आणि देल्फीन इतकी हसली की तिला परात खाली ठेवावी लागली.

तिसरा, दुभंगलेल्या खडकाजवळचा. तिथे झेलीची टोपी उडाली होती. चौथ्याला पाव आणि मध मिळाला. ते खाताना गाल इतका ठणकत होता की मध एकाच बाजूने चघळावा लागला. दोघं एकमेकांचं बोलणं तोडत होती, चुका काढत होती, आणि कासिमीरसुद्धा कोपर टेबलावर टेकून ऐकत राहिला. आपल्या आईच्या गालांवर अख्खी हद्द कोरलेली आहे हे त्याला आज कळत होतं. गुरुवारचा निकाल लागल्यातच जमा, असं त्याला वाटलं.

"पाचवा?" ओदीलने विचारलं.

झेली उठली. "चीज कापायचं राहिलं."

"आजी, पाचव्याला कोणता गाल?"

"सुरी कुठे ठेवलीस गं, देल्फीन?"

सुरी समोर चीजशेजारीच होती. ओदीलने पेन्सिल खाली ठेवली. प्रश्न विचारला की शिसपेन्सिलीला टोक करायला उठणारी पोरं तिने पाच वर्षं पाहिली होती. आजी तशीच उठली होती.

"आजी," ती म्हणाली, "तुला आठवत नाही?"

झेली परत बसली. तिने दोन्ही हात ॲप्रनला पुसले. महिनोन् महिने हे तिच्या पोटात होतं आणि आता बाहेर पडायला टेकलं, तर तिला खरं म्हणजे हलकंच वाटलं.

"कुठलाच गाल नाही. पाचव्याला मला मारलंच नाही. चार खाऊन माझं तोंड बिटासारखं झालं होतं. आजोबांनी हात उचलला, माझ्याकडे पाहिलं, आणि मग तो हात नुसता गालावरून फिरवला. 'पुरे झालं पोरीला,' म्हणाले. मी इतकी खूश झाले, की दगडाकडे पाहिलंच नाही. सहावा आठवतो, सातवा आठवतो. पाचव्याचं काही म्हणजे काही आठवत नाही. आजोबांचा हात तेवढा आठवतो."

कासिमीरचा चेहरा खर्रकन उतरला. "वसंतात तू म्हणालीस की—"

"मी म्हणाले, मी तिथे होते. ती होतेच. पुढचं तू विचारलं नाहीस. तू मलाच सांगत सुटलास, पलीकडे, पलीकडे!"

"मी न्यायाधीशांना लेखी कळवलंय, आई! म्हणजे एका म्हाताऱ्याला नातीचा पुळका आला म्हणून आज तेवीस घरांना पाणी नाही?"

"ओरडतोस कुणावर?" देल्फीन म्हणाली. खडूचा चौकोन तिच्या पाठीमागे होता आणि नळाची आशा सोडायला तिला किती जड गेलं ते आवाजात कळत होतं. तरी ती सासूच्या बाजूने उभी राहिली. "तू तुझ्या पोरीवर कधी हात उचललास? दूध सांडलं तरी नाही. मग त्या म्हाताऱ्याला कशाला नावं ठेवतोस?"

कासिमीरने ओदीलकडे पाहिलं आणि तो खाली बसला.

"नियम मोडला म्हणून तुमच्याच गावच्या म्हाताऱ्यांनी दंगा केला होता," आन्सेल्म ताटाकडे बघत म्हणाला. "पोरामागे एक थप्पड म्हणजे एक थप्पड. ला कोंबची एक कमी पडली म्हणाले."

"मग?" ओदीलने विचारलं.

"मग याने गाल पुढे केला," झेली म्हणाली. "'तिची मला मारा,' म्हणाला. याने दोन खाल्ल्या."

मग कासिमीरने खुर्ची मामाकडे वळवली. त्याचा मेयरचा आवाज कुठेतरी गेला होता.

"मामा, तुम्हाला तर आठवत असेल."

"न आठवून सांगतो कुणाला? दोन बसल्यात." म्हाताऱ्याने पावाचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही. "मी ते सांगायला आलो नाही, पोरा. मी हिला विचारायला आलो होतो, की तू गुरुवारी काय सांगणार. ती जे म्हणेल तेच मी म्हणणार होतो. सख्ख्या बहिणीला चारचौघांत खोटं पाडून माझ्या घशाखाली घास उतरला असता का?"

झेली त्याच्याकडे बघतच राहिली. "आणि मी ठरवलं होतं, तू जे सांगशील त्याला मान डोलवायची."

ओदीलला हसू आवरेना. "मग न्यायाधीश संध्याकाळपर्यंत तुमची तोंडं बघत बसले असते!"

हसता हसता झेलीच्या डोळ्यांत पाणी आलं. हा भाऊ तिच्यासाठी असाच. तिचा नवरा ओनोरे जानेवारीत गेला, जमीन दगडासारखी गोठलेली, कुदळ चालेना. आमच्या रिवाजाप्रमाणे एप्रिलपर्यंत त्याला छपरावर बर्फात ठेवला. तेव्हा हा रुतू नये म्हणून पायांना जाळ्या बांधून चार तास बर्फ तुडवत वर आला होता आणि आठवडाभर काही न बोलता चुलीपाशी तिच्याजवळ बसला होता.

"सांग, दादा," ती म्हणाली. "माझी भीड धरू नकोस. कुठे होता?"

"पलीकडे," आन्सेल्म म्हणाला. "झऱ्यापासून बावीस पावलं पलीकडे. झरा तुमचाच आहे."

देल्फीन मटकन बाकावर बसली. कासिमीरने टेबलावर मूठ आपटायला हात उचलला, पण मामाच्या चेहऱ्याकडे पाहून तो हात तसाच खाली घेतला.

"गुरुवारी विचारतील तर हेच सांगेन," म्हातारा शांतपणे म्हणाला. "आता हिला आठवतच नाही म्हटल्यावर दुसरा इलाज नाही. मग पत्त्यांचा डाव संपला माझा. देवळात माझ्या बाकावर कुणी बसायचं नाही. असू दे. किती दिवस राहिलेत?"

"मामा, तुम्ही इथे या राहायला," देल्फीन म्हणाली. "चुलीमागची खोली रिकामीच आहे."

"येईन गं. पण मला पुरायचं तिथेच आहे."

झेली ताडकन उठली. ऐंशी वर्षांची बाई इतक्या झटक्यात उठेल असं कुणाला वाटलं नव्हतं.

"नाही. एकदा माझ्या वाटची खाल्लीस, तेवढी बास. कासिमीर, जीप काढ."

"आत्ता? चीज राहिलंय."

"चीज पळून जात नाही. काढ म्हणते ना!"

युद्धानंतर लिलावात घेतलेली ती अमेरिकन जीप झऱ्याच्या खालच्या वळणापर्यंतच जाते. तिथून पुढे सगळे चालत निघाले, झेली सर्वांत पुढे. ऊन लखलखीत होतं, लार्च नुकते पिवळे पडायला लागले होते, आणि चरून गेलेल्या कुरणावर एकही जनावर नव्हतं. झरा आपल्या नादात वाहत होता. आन्सेल्मने त्याच्या काठावर टाचा जुळवल्या आणि मोठ्याने मोजत निघाला.

"मामाआजोबा, तेव्हा तुम्ही दहा वर्षांचे होतात," ओदील म्हणाली. "पावलं आखूड होती."

"आताही आखूडच आहेत. म्हातारपणाचा एवढाच फायदा." बाविसाव्या पावलावर तो थांबला, मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. "हीच जागा. पहिली बसली तेव्हा तोंड तिकडे फिरलं, ला कोंबचं घंटाघर दिसलं. दुसरी बसली तेव्हा इकडे फिरलं, तुमचं दिसलं. दोन्ही घंटाघरं दिसतात अशी सबंध उतारावर दुसरी जागा नाही."

कासिमीर जाऊन त्याच्या शेजारी उभा राहिला. पन्नास वर्षं तो या कुरणात गुरं आणत होता, पण ही गोष्ट त्याला ठाऊक नव्हती. दोन्ही घंटाघरं खरंच दिसत होती.

झेली भावासमोर आली. तिने डोक्याचा रुमाल सोडला, घडी केली, देल्फीनच्या हातात दिला आणि चेहरा वर केला.

"मार."

"काय?"

"माझी राहिलेली दे. ती बसली की ही जागा माझी झाली. गुरुवारी मी सांगते, माझ्या तोंडाने. पाचव्या दगडाची थप्पड मी इथे खाल्ली, झऱ्यापासून बावीस पावलांवर, दोन्ही घंटाघरं दिसत होती. यातलं खोटं काय आहे?"

"कधी खाल्ली असं विचारलं तर?" ओदील म्हणाली.

"विचारलं तर सांगेन. नाही विचारलं तर मी कशाला सांगू?"

"झेली, मी नाही मारणार तुला," आन्सेल्म म्हणाला. "ऐंशी वर्षांच्या बाईला?"

"सात वर्षांची असताना मारायला हवी होती, तेव्हा राहिली. दादा, मला खोटी शपथ घ्यायची नाही आणि तुला गावाबाहेर पडू द्यायचं नाही. दोन्ही साधायचं तर हा एकच मार्ग आहे. मार म्हणते ना."

त्याने हात वर केला. तो हात तिच्या गालापर्यंत आला, तिथेच थबकला, आणि गालावरून हलकेच फिरला.

"बघ!" झेली ओरडली. "आजोबांनी हेच केलं होतं, आणि बघ काय होऊन बसलं!"

कासिमीर आईला अडवायला पुढे झाला, तर देल्फीनने त्याची बाही धरून ठेवली. आन्सेल्मने डोळे मिटले आणि मारली. अर्धवट नाही, घरच्या म्हाताऱ्याने मारावी तशी, चांगली सणसणीत. तिचा आवाज खडकावर आपटून परत आला. झेलीचं तोंड शाम्पेरोच्या बाजूला फिरलं आणि तशीच ती क्षणभर उभी राहिली, पांढरे केस सुटलेले, गाल लालबुंद.

"लागलं?" आन्सेल्मने घाबरून विचारलं.

"लागलं," ती म्हणाली. ती रडत होती आणि इतकी खूश दिसत होती की ओदीललाही रडू आलं. "चांगलं लागलं. आता मरेपर्यंत विसरत नाही."

तिने सावकाश चौफेर पाहिलं. मागे झरा, डावीकडे तिच्या जन्माचं गाव, उजवीकडे तिचं सासर. मग तिने भावाचा मारलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि त्याला उताराकडे वळवलं.

"गुरुवारी तू येऊ नकोस. तुझे गुडघे दुखतात."

"माझे गुडघे? ठणठणीत आहेत."

"दुखतात, दादा."

आन्सेल्म थांबला. खाली ला कोंबच्या चौकात ठिपक्याएवढी माणसं टेबलाभोवती बसलेली दिसत होती. तो त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिला.

"दुखतात खरे," तो म्हणाला. "फार दुखतात."